आयरिश कथांमधला बर्फ, बॉग आणि बंद गल्ली

१९०५ सालच्या सप्टेंबरात आयरिश लेखक जेम्स जॉइस त्रिएस्त नावाच्या बंदरगावी इंग्रजीच्या शिकवण्या करून पोट भरत होता आणि उरल्या वेळात डब्लिनच्या कथा लिहीत होता. त्या महिन्यात त्याने डब्लिनमधल्या धाकट्या भावाला, स्टॅनिस्लॉसला, एक पत्र धाडलं. त्यात प्रश्नांची सरबत्ती होती. डब्लिनमधल्या सिडनी परेडचा भाग पोलिसांच्या ‘डी’ डिव्हिजनमध्ये येतो का? तिथे अपघात झाला तर शहराची अ‍ॅम्ब्युलन्स जाते का? महापालिकेची निवडणूक ऑक्टोबरात होऊ शकते का? पाद्री वारला तर त्याला त्याच्या झग्यासकट पुरतात का?

यातला निवडणुकीचा प्रश्न ‘आयव्ही डे इन द कमिटी रूम’ या कथेसाठी होता. आयरिश स्वराज्याचा मोठा पुढारी पार्नेल ६ ऑक्टोबर १८९१ रोजी वारला, आणि त्याला मानणारे लोक दर ६ ऑक्टोबरला कोटाला आयव्ही या वेलीचं पान लावत. जॉइसला नेमक्या त्या दिवशी प्रचाराहून परतलेले, पावसात भिजलेले कार्यकर्ते एका खोलीत बसवायचे होते. कोटावर पार्नेलचं पान, पण प्रचार चाललाय पैशासाठी आणि लक्ष सगळं उमेदवाराने पाठवायच्या बियरच्या बाटल्यांकडे. आता ऑक्टोबरात निवडणूकच होत नसेल तर ते पान त्या कोटावर येणार कुठून? म्हणून पत्र.

प्रतीकांसाठी ज्याचं नाव घेतलं जातं तो लेखक प्रतीक वापरायच्या आधी वेळापत्रक तपासत होता, हे ध्यानात ठेवलं की आयरिश कथा वाचणं बरंच सोपं होतं. आपल्याकडे बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्या अनेकांची या कथांशी पहिली भेट गाइडमधून होते, आणि गाइडची पद्धत शब्दकोशाची: तपकिरी रंग म्हणजे मरगळ, बर्फ म्हणजे मृत्यू, खिडकी म्हणजे सुटकेची ओढ. परीक्षेला हे चालतं. वाचायला बसलं की चालत नाही, कारण एका कथेतला बर्फ दुसऱ्या कथेतल्या बर्फाला ओळखतही नाही.

आधी दोन साध्या गोष्टी. स्थळ म्हणजे नुसतं गावाचं नाव नव्हे. ऋतू, हवामान, घरातलं सामान, गल्लीतलं कोण कोणाशी बोलत नाही, रविवारी लोक कुठे जातात, हे सगळं त्यात आलं. आणि प्रतीक म्हणजे कथेतली अशी वस्तू, जी स्वतःचं काम करतेच आणि करता करता आणखी काही बोलून जाते. मराठी कथेत ‘त्या दिवशी तिने देवाजवळ दिवा लावला नाही’ एवढं वाक्य आलं तर कुणी आपल्याला अर्थ समजावून द्यावा लागत नाही. दिवा दिवाच असतो, पण तो रोज लागतो हे आपल्याला ठाऊक असतं. आयरिश कथेत आपण अडतो ते इथेच. तिथे रोज काय ‘लागतं’ हे आपल्याला माहीत नसतं.

ते थोडक्यात असं. १८४५ पासून काही वर्षं बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली; त्याहून जास्त बोटीत बसून निघून गेली. १८४१ साली बेटाची लोकसंख्या ८२ लाखांच्या घरात होती, १९११ साली ती ४४ लाखांवर आलेली होती. जगात कमी देश असे असतील जिथे सत्तर वर्षांत माणसं निम्मी झाली. वर इंग्रजांचं राज्य, घराघरात कॅथलिक चर्चचा शब्द अखेरचा, १९१९ ते १९२१ स्वातंत्र्ययुद्ध, आणि इंग्रजांशी तह झाल्यावर १९२२-२३ मध्ये त्या तहावरून आपसातच यादवी. या देशात बंदर, रिकामं घर, पाद्र्याचं सामान, बटाट्याचं शेत यांतली कुठलीच गोष्ट नुसती गोष्ट राहिलेली नव्हती. लेखकाने ती कथेत नुसती ठेवली तरी बोलायला लागते.

आता ‘अ‍ॅराबी’ घेऊ. १९१४ साली निघालेल्या ‘डब्लिनर्स’ या पंधरा कथांच्या संग्रहातली ही तिसरी, जेमतेम पाच-सहा पानांची. नॉर्थ रिचमंड स्ट्रीटवर राहणारा एक मुलगा, समोरच्या घरातल्या मित्राच्या बहिणीवर त्याचा जीव जडलाय. ती म्हणते, अ‍ॅराबी नावाच्या बाजाराला जायला मला आवडलं असतं, पण शाळेचं धार्मिक शिबिर आहे. हा म्हणतो, मी गेलो तर तुला काहीतरी आणीन. मग शनिवारची रात्र, काका पिऊन उशिरा घरी, पोरगा बाजार बंद होता होता पोचतो आणि हात हलवत राहतो. घटना म्हणाल तर एवढीच.

ती गल्ली खरी आहे, डब्लिनच्या उत्तर भागात. जॉइसचं कुटुंब काही काळ तिथेच राहत होतं. एका टोकाला बंद, पुढे वाट नाही, आणि टोकाला एक रिकामं दुमजली घर. बाजारही खरा होता. १८९४ च्या मे महिन्यात डब्लिनमध्ये जर्व्हिस स्ट्रीट हॉस्पिटलच्या मदतीसाठी ‘अ‍ॅराबी’ नावाची पौर्वात्य थाटाची जत्रा भरली होती. म्हणजे पोराच्या डोक्यातली सारी अरबस्तानची जादू मुळात दवाखान्याच्या देणगीसाठी उभारलेल्या मांडवातली. जॉइसला हे रचावं लागलं नाही. शहरानेच त्याला ते आयतं दिलं.

मुलगा राहतो त्या घरात पूर्वी एक पाद्री भाड्याने राहायचा; मागच्या खोलीत तो वारला. त्याची मागे राहिलेली तीन पुस्तकं मुलाला सापडतात: स्कॉटची एक कादंबरी, एक धार्मिक पोथी, आणि विडॉक या चोराचा पोलीस झालेल्या माणसाच्या आठवणी. प्रेमकथा, धर्म आणि भामटेगिरी एकाच ढिगात. मुलाला तिसरं पुस्तक सगळ्यात आवडतं. का? तर त्याची पानं पिवळी पडलेली आहेत म्हणून! मागच्या रान माजलेल्या बागेत मधोमध सफरचंदाचं झाड आहे आणि एका झुडपाखाली पाद्र्याचा गंजलेला सायकलचा पंप. सफरचंदाचं झाड दिसलं की गाइडवाले लगेच आदम-हव्वेकडे धावतात. धावू द्या, जॉइसला ते नको होतं असं मी म्हणणार नाही. पण माझं लक्ष पंपाकडे जातं. पाद्री सायकल चालवत होता, चाकात हवा भरत होता, आणि आता ती हवा भरणारी वस्तू गंजून पडली आहे. त्या गल्लीतल्या धर्माचं वर्णन करायला याहून साधी वस्तू सापडली नसती, आणि तिला वस्तूपलीकडे काही म्हणायचंय हे कथा एकदाही सुचवत नाही.

शेवटाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. काका मुलाला एक फ्लोरिन देतो, म्हणजे दोन शिलिंग, म्हणजे २४ पेनी. आत जायला मुलगा एक शिलिंग मोजतो. सहा पेनीवालं दार शोधायला वेळ नसतो. बाहेर पडताना खिशात सहा पेनीचं नाणं आणि दोन सुटे पेनी एकमेकांवर आपटतात. उरले आठ पेनी; मधले चार गाडीभाड्यात गेले असणार. या आठ पेनीत चिनी मातीची फुलदाणी येणार नाही हे स्टॉलवरच्या बाईला त्याच्याकडे बघताच कळतं, आणि तिला कळलं हे त्याला कळतं. ती दोन तरुणांशी थट्टामस्करी करत असते, इंग्लंडच्या हेलात. अर्धा मंडप अंधारलेला, प्रार्थना संपल्यावर चर्चमध्ये असते तशी शांतता, आणि एका कोपऱ्यात दोघे जण तबकात पैसे मोजत बसलेले. सुरुवातीला हाच मुलगा गावातल्या नेहमीच्या बाजारातल्या गर्दीतून मुलीचं नाव मनात धरून चालतो तेव्हा त्याला वाटतं, आपण शत्रूंच्या गर्दीतून पवित्र प्याला सांभाळत नेतोय. चर्चमधून उचललेली कल्पना होती. ती चर्चसारख्याच एका रिकाम्या जागी येऊन मोडते, आणि तिथे नाणी खणखणत असतात. स्थळ आणि प्रतीक वेगळं काढायला गेलात तर कथा हातात उरत नाही.

‘डब्लिनर्स’मधल्या इतर कथांवर रेंगाळत नाही, पण ‘क्ले’चं कौशल्य सांगायलाच हवं. हॅलोवीनच्या रात्री डोळे बांधून बशीतल्या वस्तूला हात लावायचा खेळ असतो. अंगठी लागली तर लग्न, प्रार्थनेचं पुस्तक लागलं तर मठ, पाणी लागलं तर प्रवास, माती लागली तर मरण. एका लाँड्रीत काम करणाऱ्या मारिया नावाच्या प्रौढ, अविवाहित बाईच्या बोटांना काहीतरी मऊ, ओलं लागतं. खोलीत कुजबुज होते, कुणीतरी मुलींवर ओरडतं, तो डाव मोडून दुसरा खेळवतात. ते काय होतं हे कथेत कुठेच सांगितलेलं नाही. ‘माती’ हा शब्द फक्त शीर्षकात आहे. मारियाला कळत नाही, सगळ्या खोलीला कळतं, आणि शीर्षक वाचलेलं असल्यामुळे आपण त्या खोलीतल्यांच्या बाजूला जाऊन बसतो. जरा ओशाळवाणंच वाटतं.

संग्रहातली शेवटची, सगळ्यात मोठी आणि सगळ्यात गाजलेली कथा ‘द डेड’. १९०७ साली लिहिलेली. लिफी नदीच्या काठावरच्या अशर्स आयलंड या रस्त्यावर दोन म्हाताऱ्या मावश्यांच्या घरी नाताळानंतरची मेजवानी आहे. भाचा गेब्रियल कॉनरॉय, मास्तर आणि वर्तमानपत्रात पुस्तकांवर लिहिणारा, बायकोला, ग्रेटाला, घेऊन येतो. नाच, गाणं, हंसाचं मांस, भाषण. रात्री हॉटेलात गेल्यावर बायको सांगते की तरुणपणी गॉलवेला तिच्यावर मायकेल फ्युरी नावाच्या मुलाचं प्रेम होतं. सतरा वर्षांचा, गॅसच्या कारखान्यात कामाला, आजारी. ती डब्लिनला निघायच्या आदल्या रात्री तो पावसात तिच्या बागेत येऊन उभा राहिला, आणि आठवड्याभरात गेला.

इथे बर्फ पडतो तो पहिल्या पानांपासून. गेब्रियल दारात येतो तेव्हा त्याच्या कोटाच्या खांद्यांवर आणि बुटांवरच्या रबरी जोड्यांच्या टोकांवर बर्फ असतो. बायकोलाही हे रबरी जोडे घालायला लावतो म्हणून घरात त्याची चेष्टा चाललेली असते. मग मेजवानीत मध्येच त्याला वाटतं, बाहेर किती छान गार असेल. बोटं खिडकीच्या थंड काचेवर वाजतात. म्हणजे हा माणूस थंडीपासून जपून राहतो आणि तिच्याकडे ओढलाही जातो. हे सगळं आधी मांडून झाल्यावर पावसात उभा राहिलेला तो मुलगा येतो, ज्याने स्वतःला अजिबात जपलं नाही. कोट, रबरी जोडे, काच, या प्रत्येकाचं वजन तेव्हा एकदम बदलतं. शब्दकोश काढून ‘बर्फ म्हणजे मृत्यू’ म्हणणाऱ्याला हे दिसणारच नाही, कारण त्याने सुरुवातीलाच उत्तर लिहून टाकलेलं असतं.

आणखी एक बारकावा. शेवटच्या परिच्छेदात साऱ्या आयर्लंडवर बर्फ पडतो, मैदानावर, टेकड्यांवर, बॉग नावाच्या दलदलीवर, शॅनन नदीच्या काळ्या लाटांत, मायकेल फ्युरीच्या थडग्यावर. इंग्रजीतल्या सगळ्यात सुंदर परिच्छेदांत त्याची गणना होते. पण त्याचं बीज आहे एका बातमीत! मेजवानीतून निघताना मावश्यांची भाची मेरी जेन सहज म्हणते की असा बर्फ तीस वर्षांत पडला नव्हता म्हणे, आणि आज पेपरात आलंय की साऱ्या देशभर पडतोय. शेवटी गेब्रियलला तेच आठवतं: पेपरातलं बरोबर होतं. आयर्लंडची हवा अटलांटिकमुळे सौम्य, देशभर बर्फ ही तिथे बातमीच असते. काव्याची झेप हवामानाच्या वृत्तावरून घेतलेली आहे, आणि म्हणूनच ती खोटी वाटत नाही.

याच कथेत दिशासुद्धा बोलतात. पूर्वेला डब्लिन, इंग्रजी, युरोप. पश्चिमेला गॉलवे, अ‍ॅरन बेटं, आयरिश भाषा, दुष्काळाने सगळ्यात जास्त झोडपलेला मुलूख. मेजवानीला आलेली मिस आयव्हर्स गेब्रियलला अ‍ॅरन बेटांवर यायचं निमंत्रण देते. तो म्हणतो, मी तर फ्रान्स-बेल्जियमला सायकलने फिरायला जातो. अखेरीस त्याला वाटतं, आपणही पश्चिमेकडे निघायची वेळ झाली. हे मरण की जाग येणं? अभ्यासक शंभर वर्षं भांडताहेत. मला दोन्ही एकाच वेळी खरं वाटतं, आणि एकच निवडायचा आग्रह मास्तरकीचा वाटतो.

जॉइस शहराचा. बॉग पाहायचा तर फ्रँक ओ’कॉनरकडे यावं लागतं. बॉग म्हणजे दलदल, पण आपल्या पावसाळी चिखलासारखी नव्हे. शेवाळं आणि झाडोरा हजारो वर्षं पाण्यात अर्धवट कुजून साचत गेला की पीट तयार होतं. आयर्लंडची सुमारे सहावा हिस्सा जमीन अशी आहे. पीटच्या विटा कापायच्या, उन्हात वाळवायच्या आणि घरातल्या शेकोटीत जाळायच्या, हा खेड्यातला नेम. त्या आम्लधर्मी, हवा न शिरणाऱ्या पाण्यात पुरलेली वस्तू सहजी नाश पावत नाही. २००३ साली आयर्लंडमध्ये दोन ठिकाणी दोन हजार वर्षांहून जुने मानवी देह त्वचेसकट सापडले.

ओ’कॉनरची ‘गेस्ट्स ऑफ द नेशन’ १९३१ ची. स्वातंत्र्ययुद्धात बेल्चर आणि हॉकिन्स हे दोन इंग्रज सैनिक ओलीस धरलेत. पहारा करणारे आयरिश तरुण आणि ते एका म्हातारीच्या घरात राहतात, रोज पत्ते खेळतात. कथा उघडते तीच शेकोटीच्या राखेत लांब पाय पसरून बसलेल्या बेल्चरवर. तो म्हातारीची कामं न सांगता उरकतो, फारसा बोलत नाही. हॉकिन्स मात्र धर्म आणि भांडवलशाहीवर रात्र रात्र वाद घालतो. मग हुकूम येतो: इंग्रजांनी आपली माणसं मारली, आता ही दोघं. त्यांना बॉगमध्ये नेतात, खड्डा आधीच खणलेला. डोळे बांधायला बेल्चरचा रुमाल पुरत नाही, तर तो मारणाऱ्याकडूनच त्याचा रुमाल मागून घेतो.

शेकोटी आणि बॉग ही या कथेची दोन टोकं. एकीकडे ऊब, पत्ते, घर. दुसरीकडे अंधार, ओल, खड्डा. पण खेड्यातल्या आयरिश वाचकाला न सांगता ठाऊक होतं की शेकोटीत जळतं ते बॉगमधूनच येतं, आणि बॉग गिळलेलं सहसा विरघळवत नाही. ओ’कॉनरने हे मुद्दाम योजलं होतं का, देव जाणे. शेवटी मात्र त्याने जे केलं ते नक्की योजलेलं आहे. घरी परतल्यावर पहारेकऱ्यांपैकी एक, नोबल, शेकोटीपाशी गुडघे टेकतो; त्याला तो बॉगचा तुकडा दहापट मोठा दिसतो, जगात दुसरं काही नसल्यासारखा. निवेदकाला तोच तुकडा लाखो मैल दूर गेल्यासारखा वाटतो आणि स्वतः तो बर्फात वाट चुकलेल्या पोराएवढा. एकच जागा, दोघांना दोन मापांची. अपराधाच्या भावनेचं नाव न घेता ती दाखवायची ही रीत अनेक लेखकांनी पुढे उचलली.

लियम ओ’फ्लाहर्टी अ‍ॅरन बेटांवरच जन्मलेला. त्याची ‘द स्नायपर’ १९२३ च्या जानेवारीत, यादवी चालू असतानाच छापून आली. डब्लिनच्या दोन समोरासमोरच्या गच्च्या, मध्ये रस्ता, दोन बंदूकधारी. शेवट सांगत नाही, पण मांडणीतच आरसा आहे एवढं बोलतो. मला त्याची ‘गोइंग इनटू एक्झाइल’ जास्त आवडते. भाऊ-बहीण अमेरिकेला निघालेत, आदल्या रात्री घरी नाचगाणं. अशा निरोपाला तिकडे अमेरिकन वेक म्हणत, आणि वेक म्हणजे मयताच्या घरची जागरणाची रात्र. परत कोण येणार होतं? निघताना मुलगा भिंतीवरचा चुन्याचा सुटलेला पोपडा काढून खिशात घालतो. त्यावर एक शब्द टिप्पणी नाही.

याच ओ’फ्लाहर्टीची एक गोष्ट आपल्या हजारो मुलांनी वाचलेली असते, नाव मात्र लक्षात नसतं: एनसीईआरटीच्या दहावीच्या ‘फर्स्ट फ्लाइट’ या पुस्तकातली, उडायला घाबरणाऱ्या समुद्रपक्ष्याच्या पिल्लाची. तिच्याखाली आत्मविश्वास, धाडस वगैरे उत्तरं लिहून घेतात. पण कड्याच्या अरुंद कपारीवर पिल्लू भुकेने व्याकूळ झालंय आणि आई चोचीत माशाचा तुकडा धरून हाताच्या अंतरावर तरंगतेय, हे दृश्य अ‍ॅरनच्या कड्यांवर वाढलेल्या माणसाचं आहे. ते पिल्लू धाडसाने उडी मारत नाही हो, भुकेने मारतं!

पुढच्या पिढीतली जॉन मॅकगॅहर्नची ‘कोरिया’ (१९७० चा संग्रह) एका वाक्यासाठी तरी वाचावी. बाप आणि मुलगा ईल मासे धरतात. बापाने तरुणपणी तुरुंगात एका पोराला गोळ्या घालताना पाहिलंय. त्याच्या अंगरख्याची बटणं उडालेली. पुढे मधुचंद्राला हाउथच्या टेकडीवर पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांच्या शेंगा उन्हात तडतडून फुटल्या, आणि त्याला ती बटणं दिसली. सगळा दिवस नासला. झुडूप आयर्लंडभर उगवतं; प्रतीक ते फक्त या एका माणसासाठी आहे.

आणि हसायचं असेल तर मेरी लॅव्हिनची ‘लायलॅक्स’. शेणखताच्या धंद्यावर चाललेलं घर, दाराशी भलामोठा उकिरडा, आणि वासाने डोकं उठणारी मुलगी स्टेसी, जिला तिथे सुवासिक लायलॅकची झाडं हवीत. आईबाप गेले, बहीण लग्न होऊन गेली, आता मैदान मोकळं. तेव्हा वकील तिला एक साधा व्यवहारी प्रश्न विचारतो: मग तुम्ही जगणार कशावर?

सुरुवात ‘अ‍ॅराबी’पासून करा, मग ‘क्ले’, मग ‘आयव्ही डे’. ‘द डेड’ एका बैठकीत संपवायची असल्याने सुट्टीचा दिवस पाहून काढा. जॉइस १९४१ साली वारला, त्यामुळे ‘डब्लिनर्स’चे हक्क संपलेत आणि मूळ पुस्तक प्रोजेक्ट गटेनबर्गवर फुकट मिळतं. शेजारी डब्लिनचा नकाशा उघडा ठेवलात तर नॉर्थ रिचमंड स्ट्रीट आजही सापडते, एका टोकाला बंदच.